गाजर गवत: टेकडीच्या वाटेवरचे एक रोप

वेताळ टेकडीच्या पायवाटेलगत दिसणाऱ्या या रोपाला पुणेकर गाजर गवत किंवा काँग्रेस गवत म्हणतात. प्रत्यक्षात ते गवत नाहीच. ते सूर्यफुलाच्या कुळातले असून, परागज्वरामुळे अमेरिकेत कुप्रसिद्ध झालेल्या रॅगवीडचे जवळचे भावंड आहे. त्याचे मूळ मेक्सिकोच्या आखाताभोवतीच्या प्रदेशात आहे, पण भारतातील त्याच्या फैलावाची कहाणी सांगताना १९५६ सालच्या पुण्यातील नोंदीपासूनच सुरुवात करावी लागते. परदेशी गव्हातून बी आले, असे सर्रास सांगितले जाते. काँग्रेस हे नाव अमेरिकी संसदेवरून पडले की गांधीटोपीसारख्या पांढऱ्या फुलांवरून, यावर कट्ट्यावर अजूनही वाद रंगतो.

पहिल्या पावसानंतर उगवलेले रोप जमिनीला चिकटून गोल पसरते आणि गाजराच्या पाल्यासारख्या कातरलेल्या पानांखाली शेजारच्या कोवळ्या रोपांना ऊनच मिळू देत नाही. शिवाय त्याच्या अंगातून झिरपणारी द्रव्ये आसपासच्या बियांचे रुजणे रोखतात. मग मधूनच रेषाळ, लवदार खोड वर येते आणि साधारण महिनाभरात फुले दिसू लागतात.

आता भिंगातून पाहू. आपण ज्याला फूल म्हणतो तो जेमतेम चार मिलिमीटरचा स्तबक, म्हणजे अनेक फुलांचा गुच्छ आहे; त्याच्या कडेच्या पाच फुलांपासून प्रत्येकी एकच बी तयार होते आणि मधली फुले फक्त पराग देतात. पाचच बिया, म्हणजे हिशेब कंजूषपणाचा वाटेल, परंतु भरदार झाडावर असे इतके स्तबक येतात की बियांची संख्या दहा हजारांच्या पुढे जाते. काळ्या बीच्या दोन्ही बाजूंना वाळलेल्या वांझ फुलांचे पंख चिकटलेले असतात, त्यामुळे ते पाण्यावर तरंगते. मुठेचे पाणी, टायरला लागलेला चिखल, मुरुमाचा ट्रक, त्याला कोणतेही वाहन चालते.

पार्थेनिन हे या वनस्पतीतील विषारी द्रव्य. वारंवार संपर्क आल्यास काहींच्या पापण्यांवर, मानेवर आणि कोपरांच्या घडीत खाजरा इसब उठतो. वाळलेल्या पाल्याची हवेत उडणारी पूडही त्यास पुरेशी ठरते. जनावराने हा पाला खाल्ला तर दूध कडवट होते. म्हणूनच तो उपटायचा तर फुलण्यापूर्वी, ओल्या मातीतून मुळासकट आणि हातमोजे घालूनच उपटावा.

याला खाणाराही मेक्सिकोहूनच आणावा लागला. १९८४ साली बंगळुरू परिसरात प्रथम सोडलेला झायगोग्रामा हा भुंगा, पिवळसर पाठीवर नागमोडी काळ्या रेघा मिरवत, पावसाळ्यात झाडेच्या झाडे निष्पर्ण करतो. टाकळाही दाटीने उगवला की गाजर गवताला जागा देत नाही. मात्र कोरडा हंगाम लागताच भुंगा मातीत शिरून निजतो, आणि गळक्या नळाशेजारी किंवा बागेच्या पाटाकडेला उगवलेली रोपे जानेवारीतही निर्धास्तपणे पांढरी होऊन उभी राहतात.