फिलोडेंड्रॉन आणि वाफसा

फिलोडेंड्रॉनला किती दिवसांनी पाणी घालायचं, असं तुम्ही विचारलंत. त्याआधी टेबलावर काय ठेवलंय ते बघून घ्या. मागच्यांना दिसत नसेल तर नंतर पुढे येऊन हातात घ्या. हा एका फिलोडेंड्रॉनच्या, म्हणजे घरात कुंडीत लावतात त्या शोभेच्या वेलाच्या, मुळांचा गड्डा आहे, काल संध्याकाळीच कुंडीतून काढलेला. झाड माझ्या ओळखीच्या एका बाईंचं. त्यांनी दर दोन दिवसांनी न चुकता पेलाभर पाणी घातलं. पानं मलूल दिसायला लागली तेव्हा त्यांना वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून रोज घालायला सुरुवात केली. आता यातलं एक मूळ मी चिमटीत धरून ओढते. बघा, वरची साल मोज्यासारखी निसटून आली आणि आत उरला हा दोऱ्याएवढा तंतू. डबक्यासारखा वासही येतोय. चांगलं मूळ पांढरट, टणक असतं, बोटांना रसरशीत लागतं. ते असं सोलून येत नाही.

हे झाड तहानेनं गेलं. रोज पाणी मिळूनही तहानेनं, कारण पाणी ओढायला मुळंच उरली नव्हती.

मुळं श्वास घेतात. मातीच्या कणांमध्ये बारीक बारीक पोकळ्या असतात, त्यातल्या हवेतून मुळांना ऑक्सिजन मिळतो. आपण पाणी घालतो तेव्हा त्या पोकळ्या पाण्यानं भरतात. हवेतून ऑक्सिजन जितक्या सहज पसरतो, त्याच्या सुमारे 10,000 पट सावकाश तो पाण्यातून पसरतो. पोकळ्या काही तासांत रिकाम्या झाल्या तर काहीच बिघडत नाही. पण दिवसच्या दिवस भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, आणि अशा दुबळ्या मुळांवर पिथियम, फायटॉप्थोरा यांसारखे बुरशीसदृश जीव तुटून पडतात. मग माती ओली आणि पानं मात्र लोंबलेली, असं चित्र दिसतं. म्हणून पानं लोंबली की लगेच झारी उचलू नका. आधी मातीत बोट घाला.

शेतीत यासाठी फार नेमका शब्द आहे: वाफसा. पाऊस पडून गेल्यावर जमिनीत ओलही असते आणि हवाही खेळती असते, चिखल नाही आणि कोरडं ढेकूळही नाही, ती अवस्था म्हणजे वाफसा. फिलोडेंड्रॉनला हवा असतो तो हाच, फक्त कुंडीच्या आकाराचा.

याचं कारण त्याच्या मूळ घरात सापडतं. या प्रजातीला हे नाव शॉट या वनस्पतिशास्त्रज्ञानं 1829 मध्ये दिलं. ग्रीकमध्ये फिलो म्हणजे प्रेम आणि डेंड्रॉन म्हणजे झाड. अमेरिका खंडातल्या उष्ण जंगलांत यातल्या कितीतरी जाती मोठ्या झाडांना बिलगून वर चढतात. कुळ अळवाचंच, पण अळू पाणथळ जागेत सुखानं राहतं आणि हा भाऊबंद झाडाच्या सालीला मुळं रोवून हवेत राहतो. तिथं पाऊस मुसळधार येतो, मुळं चिंब होतात आणि पाणी लगेच निथळून जातं. पुढच्या सरीपर्यंत मुळांना वारा मिळतो. भरपूर पाणी आणि मग भरपूर हवा, ही त्यांची सवय. रोज घोटभर पाणी देण्यानं या दोन्ही गोष्टी हुकतात.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते: पाणी किती दिवसांनी? आकडा हवाच असेल तर, चांगल्या उजेडात, वाढीच्या उबदार दिवसांत साधारण 7 ते 10 दिवस, आणि थंडीत, वाढ मंदावलेली असताना 2 ते 3 आठवडे. पण हा आकडा भिंतीवर लिहून ठेवू नका. माझ्याकडे एकाच वेलाच्या दोन फांद्यांपासून केलेली दोन झाडं आहेत, कुंड्या सारख्या, माती एकाच ढिगातली. खिडकीतल्या झाडाला सहाव्या दिवशी पाणी लागतं, खोलीच्या आतल्या कोपऱ्यातल्याला चौदाव्या. फरक फक्त उजेडाचा. उजेड जास्त असेल तर पानं जास्त काम करतात आणि पाणीही जास्त ओढतात. झाडाची जागा बदललीत की जुना हिशेब मोडीत निघाला असं समजा.

दोन सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे बोटाचं एक पेर जाईल इतकी माती कोरडी लागली की पाणी घालायला हरकत नाही. मोठ्या कुंडीत त्याहून खोलवर वाळू द्या. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, असेल तर मात्र सांभाळून. ते वरून फिकट, कोरडं दिसतं आणि तळाशी ओलं गच्च असतं. तिथं मी डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही, कुंडी उचलते. पाणी घालून निथळल्यावर एकदा उचलून बघा, ते वजन हाताला कळू द्या. मग रोज सकाळी नुसती उचलत जा. आठवड्याभरात हातालाच समजतं की आज हलकी झाली. घरातल्या लहान मुलांनाही हे पटकन जमतं, त्यांच्याकडे द्या हे काम.

पाणी घालायचं तेव्हा हात आखडता घेऊ नका. तळाच्या भोकांतून वाहेपर्यंत घाला, सगळीकडून घाला आणि अर्ध्या तासानं ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाका. कोकोपीट पार सुकलं असेल तर ते पाणी धरत नाही, पाणी कडेनं सरळ खाली जातं. अशी कुंडी वीसेक मिनिटं पाण्याच्या टबात ठेवा. आणि कुंडीच्या तळाशी खडे घालण्याचा प्रकार कृपा करून थांबवा. त्यानं निचरा सुधारत नाही, बारीक मातीतलं पाणी खड्यांच्या वरच अडून राहतं आणि ओला थर मुळांच्या अधिकच जवळ येतो. त्यापेक्षा मातीतच परलाइट (हलक्या, सच्छिद्र खनिजाचे पांढरे दाणे) किंवा सालीचे तुकडे मिसळा. झाडापेक्षा फार मोठी कुंडीही नको. जिथं मुळं पोचलेली नाहीत तिथली माती लवकर वाळत नाही.

मघाशी एकानं विचारलं की सकाळी पानाच्या टोकाला पाण्याचा थेंब दिसतो, तो रोग आहे का? नाही. रात्री मुळांनी ओढलेलं जादा पाणी पान तसं बाहेर टाकतं. रोज दिसत असेल तर माती जास्त ओली राहतेय का ते तपासा, एवढंच.

दुसरा प्रश्न मला फार आवडला: मुळं पाण्यात गुदमरतात, तर मग बाटलीतल्या पाण्यात ठेवलेली फांदी मजेत कशी जगते? कारण ती मुळं पाण्यातच जन्मतात आणि त्यांच्या आत हवेच्या पोकळ्या अधिक असतात. शिवाय स्वच्छ पाण्यात थोडा ऑक्सिजन विरघळलेला असतो, पाणी बदललं की नवा येतो. चिखलात मात्र कुजणाऱ्या पदार्थांवर जगणारे सूक्ष्मजीवच तो संपवून टाकतात. म्हणून बाटलीतली फांदी मातीत लावल्यावर पहिले दोन आठवडे माती जरा ओलसर ठेवा, नव्या मुळांना तयार व्हायला तेवढा वेळ लागतो.

त्या बाईंच्या झाडाची मुळं गेली असली तरी वेल वरून अजून हिरवा आहे. मी त्याचे पाच तुकडे केलेत. प्रत्येकावर एक पेर, म्हणजे पान जिथून फुटतं तो सांधा, आणि एक पान आहे, कारण मुळं पेरातूनच फुटतात. ते या बाटल्यांत आहेत. तीन त्यांना परत द्यायचे आहेत, उरलेले दोन ज्यांना हवेत त्यांनी जाताना घेऊन जा. आठवड्यातून एकदा पाणी बदला आणि पेर पाण्याखाली राहील एवढं बघा.