दोन जिभांची बिअर

मंडळी, छोट्या ब्रुअरीत, म्हणजे बिअर जिथे बनते तिथेच, ती चाखायला जायचं असेल तर एकट्याने जाऊ नका. गप्पांना कोणीतरी लागतंच, पण माझं कारण वेगळं आहे. आपली जीभ आपल्याला सर्रास फसवते आणि फसवल्याचा पत्ताही लागू देत नाही. शेजारी दुसरी जीभ असली की तिची लबाडी उघडी पडते.

डायअसिटिलचं उदाहरण घेतो. या रसायनाला लोण्यासारखा वास असतो. बिअर आंबत असताना त्याची सुरुवात यीस्टमुळेच होते आणि पुढे तेच यीस्ट ते परत शोषून घेतं. त्याला तेवढे दिवस मिळाले पाहिजेत, इतकंच. घाई करून बिअर यीस्टपासून लवकर वेगळी केली, की लोणी ग्लासात येतं. आता गंमत अशी, की हा वास सगळ्यांना सारखा येत नाही. काहींना अगदी किंचितही जाणवतो, काहींना जवळजवळ येतच नाही. माझ्या मित्राच्या नाकाला तो ग्लास जवळ नेताक्षणी लागतो. मला तो फार ठळक असेल तरच कळतो. म्हणजे मी एकटा गेलो असतो, तर एखाद्या कच्च्या बिअरला 'छान, गुळगुळीत आहे' म्हणून मोकळा झालो असतो. उलट कडवटपणाच्या बाबतीत तो फार सोशीक आहे. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुवास देणारी एका वेलीची फुलं; त्यांचा कडवटपणा घोटानंतर घशात किती रेंगाळतो, हे सांगायचं काम माझ्याकडे.

पण दोघं गेलो म्हणजे झालं, असं नाही. चार-पाच छोटे ग्लास समोर येतात. पहिल्याच घोटाला एकजण म्हणतो, 'केळ्याचा वास येतोय रे!' झालं, दुसऱ्यालाही केळंच दिसायला लागतं. जो आधी बोलला तो जिंकला. म्हणून आमचा नियम आहे: आधी गप्प बसायचं, आपापल्या कागदावर दोन-तीन शब्द लिहायचे आणि मगच तोंड उघडायचं. शब्द साधे असले तरी चालतात. 'मातकट', 'कागदासारखं', 'भाजलेलं', 'मधेच पाणचट' हे उत्तम शब्द आहेत. त्यांच्यावरून ब्रुअरशी, म्हणजे बिअर बनवणाऱ्याशी, बोलता येतं. नुसतं 'मस्त' लिहिलं, तर त्याला पुढे काही सांगता येत नाही.

ही शिस्त मी शोधलेली नाही. बिअरच्या धंद्याने चवीच्या बाबतीत स्वतःवर विश्वास ठेवणं फार पूर्वी सोडलं. 1940च्या दशकात कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गमध्ये एक चाचणी रूढ झाली. समोर तीन ग्लास ठेवायचे, त्यातल्या दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी. वेगळा ग्लास ओळखायचा. हिला त्रिकोणी चाचणी म्हणतात आणि खाद्यपदार्थांच्या प्रयोगशाळांत ती आजही चालते. मित्रासोबत ती कुठेही करता येते. एकाने पाठ फिरवायची, दुसऱ्याने ग्लास मांडायचे. नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता तीनात एक. सलग तीन वेळा अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता सत्तावीसात एक, म्हणजे 4 टक्क्यांच्याही खाली. ज्या दोन बिअरमध्ये 'जमीन-अस्मानाचा फरक' आहे असं मघाशी ठासून सांगितलं, त्याच डोळे मिटून ओळखताना भल्याभल्यांची भंबेरी उडते.

थोड्या नमुन्यांवरून कितपत खात्रीने बोलावं, हा प्रश्न डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीलाही पडला होता. तिथे 1899मध्ये विल्यम गॉसेट नावाचा तरुण रसायनशास्त्र शिकून नोकरीला लागला. जव, हॉप्स यांच्या मोजक्या नमुन्यांवरून निष्कर्ष काढायचे, तर आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा, याचं गणित त्याने मांडलं. कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या नावाने संशोधन छापू नये असा कंपनीचा दंडक होता, म्हणून 1908मध्ये त्याने ते 'स्टुडंट' या टोपणनावाने प्रसिद्ध केलं. संख्याशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाने 'स्टुडंट्स टी' या चाचणीच्या नावाने डोकं धरलेलं असतं. ती टी म्हणजे चहा नव्हे, आणि तिचा उगम बिअरच्या कारखान्यात आहे.

आता त्या ग्लासांत असतं काय, ते बघू. जव भिजवायचे, मोड आणायचे, मग भट्टीत वाळवायचे. हे माल्ट. ते भरडून साधारण 65 अंश सेल्सिअसच्या पाण्यात घातलं, की त्यातली एन्झाइम्स पिठाची साखर करतात. ते गोड पाणी गाळून तासभर उकळतात आणि उकळताना हॉप्स टाकतात. लवकर टाकलेले हॉप्स कडवटपणा देतात, कारण त्यातली आम्लं उकळीत रूप बदलतात. उशिरा टाकलेले, किंवा बिअर थंड झाल्यावर टाकीत भिजवलेले हॉप्स सुवास देतात. मग यीस्ट.

यीस्टवर थोडं थांबतो, कारण चाखताना सगळ्यात जास्त चकवा तेच देतं. गव्हाच्या जर्मन बिअरमध्ये केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात केळं नसतं, लवंगही नसते. केळ्याचा वास आयसोअमाइल असिटेटचा, लवंगेचा 4-व्हिनाइल ग्वायकॉलचा. दोन्ही यीस्टची देणगी. जर्मनीतल्या बव्हेरियात 1516मध्ये बिअरचा प्रसिद्ध कायदा झाला. त्यात जव, हॉप्स आणि पाणी एवढीच सामग्री सांगितली होती. यीस्टचा उल्लेखच नाही, आणि बिअर तर त्याच्याशिवाय होतच नाही! त्याचं काम काय, हे कळायला पुढे काही शतकं जावी लागली. बिअरच्या दोन मोठ्या जाती, एल आणि लागर. एल बिअरचं यीस्ट सुमारे 15 ते 22 अंशांत खूश असतं. लागरचं यीस्ट थंडीत काम करतं, आणि त्यानंतरही ती बिअर शून्याच्या आसपास कित्येक आठवडे मुरवावी लागते. म्हणून छोट्या ब्रुअरीत चांगली लागर मिळाली, तर मी मनातल्या मनात टोपी काढतो. टाकी तेवढे दिवस अडकवून ठेवायला धीर लागतो आणि पैसाही. शिवाय लागर एवढी स्वच्छ चवीची असते, की तिच्यात दोष लपवायला जागाच नसते. भरमसाट हॉप्स घातलेल्या बिअरमध्ये पुष्कळ काही झाकून जातं. माझ्या मते ब्रुअरी जोखायची असेल, तर तिची सगळ्यात साधी, फिकी बिअर आधी मागावी.

पाण्याचंही ऐका. बोहेमियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) पिल्झनमध्ये 1838 साली लोक आपल्याच गावच्या बिअरला इतके वैतागले, की त्यांनी 36 पिंपं टाउन हॉलसमोर ओतून दिली. मग नागरिकांनी मिळून नवी ब्रुअरी उभारली, बव्हेरियाहून योसेफ ग्रोल या ब्रुअरला बोलावलं, आणि 1842मध्ये त्याने जी सोनेरी लागर केली तिच्यावरून जगभरच्या पिल्सनरची जात सुरू झाली. तिथलं पाणी अतिशय मऊ, त्यामुळे हॉप्सचा कडवटपणा कडक न होता नाजूक लागला. इंग्लंडमधल्या बर्टनचं पाणी याच्या उलट, जिप्समने भरलेलं. त्यात हॉप्स टोकदार होतात, म्हणून तिथल्या पेल एल गाजल्या.

मग 'स्थानिक' बिअर म्हणजे त्या मातीची, त्या पाण्याची बिअर का? आज तसं फारसं राहिलेलं नाही, आणि ते कबूल करायला हरकत नसावी. ब्रुअर पाण्यातले क्षार काढतो, हवे ते घालतो. माल्ट एका देशातून येतं, हॉप्स दुसऱ्या. 'क्राफ्ट' या शब्दाचाही फार बाऊ करू नये. अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनच्या व्याख्येत वर्षाला 60 लाख बॅरलपर्यंत बिअर करणारा 'छोटा' ठरतो. हे झाले 70 कोटी लिटर! स्थानिक ब्रुअरीचा खरा फायदा दोन गोष्टींत आहे. एक, बिअर ताजी मिळते. हॉप्सचा सुवास काही आठवड्यांतच उतरायला लागतो, आणि हवा लागून जुनी झालेली बिअर भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी लागते. दोन, ज्याने केली तो माणूस वीस पावलांवर असतो.

त्याला प्रश्न विचारा. 'सगळ्यात भारी कोणती?' असं विचारलंत, तर जी टाकीत उरली आहे तीच भारी निघेल. यातली सगळ्यात नवी कोणती, हॉप्स कधी टाकले, नळाच्या नळ्या शेवटच्या कधी धुतल्या, असं विचारा. नळ्यांचा प्रश्न उद्धट वाटेल, पण चांगल्या ब्रुअरला तो आवडतो. घाणेरड्या नळीत वाढलेले जिवाणूही तेच लोणी तयार करतात, मग टाकीत उत्तम असलेली बिअर ग्लासात बिघडते. ग्लासही पाहून घ्या. आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसले असतील, तर तो नीट धुतलेला नाही.

चाखायचा क्रम हलक्याकडून जडाकडे ठेवा. कडू आणि भाजक्या बिअर शेवटी, मधे पाणी. फार गार बिअर आली तर ग्लास तळहातात धरून थांबा, कारण थंडीत वास दबून जातो. घोट गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. अर्धी चव तिथे सापडते. रंगावरून कडकपणा ठरवू नका. काळीकुट्ट आयरिश स्टाउट साधारण सव्वाचार टक्क्यांची असते, तिचा काळेपणा थोड्याशा भाजलेल्या जवामुळे येतो. आणि सोनेरी, निष्पाप दिसणारी एखादी बेल्जियन साडेआठ टक्क्यांची निघते.

इथे जरा हिशेब करू, कारण 'नुसतं चाखतोय' हे वाक्य फार धोक्याचं आहे. छोटा ग्लास 120 मिलीलिटरचा धरा, असे पाच म्हणजे 600 मिलीलिटर. सरासरी 6 टक्के अल्कोहोल धरलं तर 36 मिलीलिटर, वजनात सुमारे 28 ग्रॅम. शरीर ढोबळ मानाने तासाला 7 ते 10 ग्रॅम निकालात काढतं. म्हणजे एका ब्रुअरीचा हिशेब मिटायला तीन-चार तास. दिवसात दुसरी ब्रुअरी करायची असेल, तर एकच संच मागवून दोघांत वाटून घ्या. गाडी दोघांपैकी कोणीच चालवायची नाही. 'मी फक्त अर्धाच घेतला' म्हणणारा मित्र आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. आणि तिसऱ्या-चौथ्या ग्लासानंतर कागदावरचे शेरे आपोआप उदार होत जातात, तेव्हा शेवटच्या बिअरला पैकीच्या पैकी गुण दिले असतील, तर पुन्हा एकदा जाऊन तिच्यापासूनच सुरुवात करा.

मघाशी एकांनी चिठ्ठी पाठवली आहे, की आवडलेली बिअर नळावरून भरून घरी न्यावी का. न्यावी, पण ग्राउलर म्हणजे झाकणाची मोठी बाटली, बिअर साठवायचं पिंप नव्हे. भरतानाच तिच्यात हवा शिरते, म्हणून ती उभी ठेवा, गार ठेवा, दोन-तीन दिवसांत संपवा आणि उघडली तर त्याच दिवशी. बाटली पारदर्शक काचेची असेल तर उन्हात मुळीच नेऊ नका. उजेडाने हॉप्समधली द्रव्यं बिघडतात आणि थोड्या वेळातच स्कंक या प्राण्याच्या फवाऱ्यासारखा वास सुटतो. तो मात्र माझ्या मित्रालाही येतो आणि मलाही. त्यावर आमचा कधी वाद झालेला नाही.