नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं, पण डिस्प्ले येत नाही

श्रोतेहो, नमस्कार. कार्ड बसवलं, बटण दाबलं, दिवे लागले आणि मॉनिटरवर झळकलं 'नो सिग्नल'. कार्ड परत करायला निघण्याआधी एवढं बघा : मशीन चालू करताना मदरबोर्डचा लोगो क्षणभर तरी दिसतो का?

लोगो दिसतो आणि विंडोज उघडताना स्क्रीन काळी होते, असं असेल तर कार्ड आणि केबल बहुधा ठीक आहेत. दोष बहुधा जुन्या ड्रायव्हरचा, म्हणजे विंडोजला कार्ड चालवायला लागणाऱ्या सॉफ्टवेअरचा. विंडोज सुरू होत असतानाच पॉवरचं बटण दाबून धरून मशीन दोन-तीनदा बंद केलं, की रिकव्हरीचा मेनू येतो. तिथून सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोजच्या किमान गोष्टींवर चालणाऱ्या अवस्थेत जा, जुना ड्रायव्हर काढा, मग नवा टाका. डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं कुलूप असेल तर ते उघडणारी रिकव्हरी की आधीच लिहून ठेवा, नाहीतर तिथेच अडकाल.

लोगोच दिसत नसेल तर आधी केबल बघा. ती मदरबोर्डच्या पोर्टमध्ये तर नाही ना? कार्डाचे पोर्ट कॅबिनेटच्या मागे खालच्या बाजूला, आडव्या ओळीत असतात. केबल तिथे हवी. मॉनिटरचा इनपुटही तपासा. डिस्प्लेपोर्टवर काही येत नसेल तर एचडीएमआय लावून बघा.

आता वीज. मदरबोर्डवरच्या ज्या खाचेत कार्ड बसतं त्या स्लॉटमधून कार्डाला 75 वॅटपर्यंत मिळतात, 6 पिनांच्या जोडणीतून आणखी 75, 8 पिनांच्या जोडणीतून 150. कार्डावर जितके सॉकेट, तितके सगळे भरायचे. आणि इथे जपा : प्रोसेसरची 8 पिनांची वायरही तशीच दिसते. पण ती 4 अधिक 4 अशी फुटते, ग्राफिक्सची 6 अधिक 2. दोन्हींत 12 व्होल्ट आणि ग्राउंड उलट बाजूंना असतात, तेव्हा जोर लावून बसवू नका. मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या होणाऱ्या पॉवर सप्लायच्या वायरी दुसऱ्या सप्लायला लावणं तर त्याहून वाईट. पिनांची रचना कंपनीगणिक बदलते आणि भाग जळतात. कार्डाला 16 पिनांचा कनेक्टर असेल तर तो फट दिसेनाशी होईपर्यंत आत ढकला. अर्धवट राहिला तर कार्ड सुरूच होणार नाही, किंवा कनेक्टर तापून वितळेल.

वायरी नीट असतील तर सप्लाय बंद करून प्लग काढा, कार्ड उपसा आणि पुन्हा बसवा. स्लॉटच्या टोकाची खिट्टी 'टक' वाजली पाहिजे. पुष्कळदा कार्डाची पट्टी कॅबिनेटच्या कडेला अडते, कार्ड तिरकं राहतं आणि वरून मात्र बसल्यासारखं दिसतं. स्क्रू शेवटी आवळा. पंखे फिरत नाहीत म्हणून घाबरू नका, गार असताना बरीच कार्डं ते थांबवूनच ठेवतात.

मदरबोर्डवर 'व्हीजीए' नावाचा दिवा पेटून राहिला, तर बोर्डाला कार्ड नीट सापडत नाहीये. सप्लाय बंद ठेवून बोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी पाच मिनिटं काढा, म्हणजे बायॉसच्या, अर्थात मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या सॉफ्टवेअरच्या, सेटिंग्ज मूळपदावर येतात. त्यानंतरच्या पहिल्या सुरुवातीला, विशेषतः डीडीआर5 रॅम असेल तर, काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते. रॅमची जुळणी चालू असते, घाईने बंद करू नका. बोर्ड कार्डापेक्षा बराच जुना असेल तर जुनं कार्ड लावून बायॉस अद्ययावत करा. कार्ड रायझर केबलवर, म्हणजे स्लॉटपासून कार्डापर्यंत जाणाऱ्या जोडकेबलवर, उभं लावलंय? स्लॉटच्या वेगाच्या पिढ्या असतात; जनरेशन 3 च्या केबलवर त्याहून वेगवान जनरेशन 4 चं कार्ड अनेकदा रुसतं. कार्ड थेट स्लॉटमध्ये लावा, बायॉसमध्ये जाऊन स्लॉटचा वेग जनरेशन 3 करा, मग केबल परत जोडा.

एवढं करूनही अंधारच असेल, तर जुनं कार्ड याच मशीनमध्ये आणि नवं दुसऱ्या मशीनमध्ये लावून बघा. जुनं चाललं आणि नवं तिथेही चाललं नाही, तर मग बिनधास्त बदलून मागा.