जुना डबा, नवा बोर्ड

[दृश्य: उघडा ॲम्प्लिफायर, वरून]

मे महिना. सोलापुरात पारा चाळिशीच्या वर, आणि सोल्डरिंग चालू आहे म्हणून टेबलावरचा पंखा बंद. समोरचा डबा आपल्या ओळखीचा, घरचा जुना ॲम्प्लिफायर; आज त्यात नवा बोर्ड बसवायचा. आत १२-०-१२चा (मधल्या टोकाच्या दोन्ही बाजूंना १२-१२ व्होल्ट देणारा) ट्रान्सफॉर्मर, आवाज वाढवणाऱ्या दोन टीडीए २०३० आयसी, उष्णता बाहेर टाकणारा तळहाताएवढा हीटसिंक. मागच्या जाळीवर यंत्रमागाच्या वस्तीतले सुताचे तंतू धुळीत मिसळून थर धरून बसलेत.

असा डबा जळतो कसा, ते आकड्यांत बघू. १२ व्होल्ट एसी डायोड-कपॅसिटरमधून गेला की साधारण १६ व्होल्ट डीसी होतो. या आयसीची मर्यादा १८. लाइन २३०वरून २६०ला चढली की ही मर्यादा ओलांडली जाते. त्यात ही क्लास एबीची रचना, म्हणजे ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा ठेवून आवाज वाढवणारी. तिची कागदावरची कमाल कार्यक्षमताच ७८.५ टक्के, घरच्या बेताच्या आवाजाला त्याहून पुष्कळ कमी. उरलेली वीज उष्णता होऊन डब्यात राहते आणि जाळी तर बुजलेली.

[दृश्य: नवा बोर्ड, जवळून]

हा क्लास डी. इथे ट्रान्झिस्टर अर्धवट उघड्या नळासारखा राहत नाही. पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद, सेकंदाला चार लाख वेळा. कल्पना जुनीच. ब्रिटनमध्ये सिंक्लेअर कंपनीने १९६४ साली एक्स-१० हा असाच किट विकायला आणला होता, पण त्या वेळचे ट्रान्झिस्टर एवढ्या वेगाला पुरे पडत नव्हते. मॉस्फेट नावाचे वेगवान ट्रान्झिस्टर आले आणि गणित जमलं.

बोर्डावर टीपीए ३११६ ही क्लास डीची आयसी आहे. पण आयसीचं नाव वाचून बोर्ड घेऊ नका, कॉइल बघा. प्रत्येक आउटपुटला १० मायक्रोहेन्रीची कॉइल आणि ०.६८ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, दोघं मिळून ती चार लाखांची उघडझाप गाळतात. १९ व्होल्टवर ४ ओमचा स्पीकर शिखराला पावणेपाच अँपियरच्या आसपास ओढतो. बोटाच्या नखाएवढी कॉइल तिथे संपृक्त होते, म्हणजे तिचं चुंबकत्व भरून जातं आणि तिचं गाळणं कोलमडतं, बास फाटतो, आणि दोष बिचाऱ्या स्पीकरला मिळतो. वरचा हीटसिंकही काढायचा नाही; या आयसीची उष्णता वरच्या बाजूनेच बाहेर पडते.

[दृश्य: जोडणी, हात आणि वायरी]

ट्रान्सफॉर्मर निघाला. त्याच्या जागी लॅपटॉपचा १९ व्होल्ट, ४.७४ अँपियरचा ॲडॅप्टर. सप्लायला २२०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा कपॅसिटर, आणि तो १०५ अंश सेल्सिअस सोसणाराच घ्यायचा. ८५चा इथल्या उन्हाळ्यात लवकर सुकतो.

आता ही वायर नीट बघा, बहुतेक बोर्ड इथेच जातात. जुन्या डब्यात दोन्ही स्पीकरच्या उणे वायरी एकत्र करून ग्राउंडला जोडलेल्या असतात. नव्या बोर्डात उणे टोकावरही आउटपुटच असतं. म्हणून चार स्पीकर टोकांना चार वेगळ्या वायरी. एकही दुसरीला किंवा पत्र्याला लागता कामा नये. जुना सॉकेट पत्र्याला टेकलेला असेल तर तो कापून टाका.

[दृश्य: मल्टिमीटरचा पडदा]

स्पीकर जोडण्याआधी मोजणी. आउटपुटच्या कुठल्याही टोकापासून ग्राउंडपर्यंत साडेनऊ व्होल्ट. जुन्या डब्याची सवय असलेला हात इथे दचकतो, कारण तिथे शून्य असायचं. साडेनऊ बरोबर आहे, सप्लायच्या निम्मे. एकाच स्पीकरच्या दोन टोकांमध्ये मात्र जवळपास शून्य हवं. तिथे व्होल्टभर जरी दिसला तरी स्पीकर लावू नका.

८ ओमच्या जुन्या स्पीकरला यातून चॅनेलमागे वीसेक वॉट मिळतात. खरे वॉट, स्टिकरवरच्या हजारो पीएमपीओशी, म्हणजे जाहिरातीच्या फुगवलेल्या वॉटशी, त्यांची तुलनाच नको. आयसी जळली तर मात्र सुटी बदलणं क्वचितच परवडतं, अख्खा बोर्ड जातो.

पंखा सुरू. व्हॉल्यूम शून्यावर ठेवून बटण दाबायचं.

[दृश्य: जुन्या स्पीकरचा कोन हलतो. निवेदन थांबते, फक्त आवाज.]