जोडी एकाची, बंध दोघांचा

[काळा पडदा. दोन उघड्या बाटल्या शेजारी शेजारी.]

एका बाटलीत अमोनियाचं तीव्र द्रावण, दुसरीत हायड्रोक्लोरिक आम्ल. ओतलेलं काही नाही, तापवलेलं काही नाही. नुसती बुचं काढली आहेत. बाटल्यांच्या तोंडाशी बघा. दिसतो तो धूर, पण जळत काहीच नाही. अमोनियम क्लोराइडचे बारीक कण हवेतल्या हवेत तयार होत आहेत.

या पांढऱ्या लोटात एक बंध जुळतोय. तो कसा जुळतो, ते सावकाश पाहू.

एरवी सहसंयुज बंध म्हणजे दोघांची वर्गणी. एक इलेक्ट्रॉन याचा, एक त्याचा, आणि झालेली जोडी सामाईक. १९१६ मध्ये रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी ही कल्पना मांडली. आता अमोनियातला नायट्रोजन घ्या. त्याच्या बाहेरच्या कवचात ५ इलेक्ट्रॉन. तीन हायड्रोजनशी बंध जुळवताना ३ कामी आले, उरले २. ही एकाकी जोडी. नाव एकाकी असलं तरी ती गप्प बसत नाही. शेजारच्या जोड्यांना रेटते, म्हणून अमोनियातला कोन १०९.५ ऐवजी सुमारे १०७ अंश भरतो.

समोरून हायड्रोक्लोरिक आम्लातला हायड्रोजन येतो. आपला एकुलता एक इलेक्ट्रॉन तो क्लोरीनकडे सोडून आलाय. उरलाय उघडा प्रोटॉन, आणि त्याची रिकामी कक्षिका, म्हणजे इलेक्ट्रॉन राहण्याची जागा. वर्गणीला त्याच्याकडे काहीच नाही. नायट्रोजन दोन्ही इलेक्ट्रॉन आपलेच पुढे करतो. समन्वय सहसंयुज बंध म्हणतात तो हाच. वहीत तो बाणाने दाखवतात, दात्याकडून ग्राहकाकडे.

[अमोनियम आयनाची प्रतिकृती हळूहळू फिरते.]

या बाणापाशी थोडं थांबू या, कारण गैरसमजाची सुरुवात इथूनच होते. बाण पाहिला की वाटतं, हा बंध निराळ्या जातीचा, जरा कच्चा असणार. प्रतिकृतीकडे नीट बघा. चार हायड्रोजनपैकी नंतर आलेला कोणता? शोधून सापडणार नाही. चारही बंध सारख्याच लांबीचे, सारख्याच ताकदीचे, कोन सगळीकडे १०९.५ अंश. धनप्रभारही सगळ्या आयनावर पसरलेला. इलेक्ट्रॉन आले कुठून, एवढंच तो बाण सांगतो. धडा शिकवताना हे वाक्य गाळू नये, असं आम्हाला मनापासून वाटतं.

[परीक्षानळी, जवळून.]

हे मोरचुदाचं द्रावण. फिकट निळं. इथे तांब्याच्या आयनाभोवती पाण्याचे रेणू आहेत, आणि तेही आपल्या ऑक्सिजनवरची जोडी देऊनच बिलगलेले. अमोनियाचा पहिला थेंब पडतो. द्रावण गढूळ होतं, निळसर साका धरतो. आणखी थेंब. साका विरघळतो... आणि हा गडद निळा रंग. पाण्याच्या चार रेणूंची जागा अमोनियाच्या चार रेणूंनी घेतली. तांबं तेच, पण जोडी देणारा बदलला, की तांब्याच्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्यांमधलं अंतर बदलतं आणि ते शोषतात तो प्रकाशही.

अशा संयुगांची रचना रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ मध्येच मांडली होती. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला तेव्हा चार वर्षं बाकी होती! १९१३ साली त्यांना नोबेल मिळालं.

आपल्या रक्तात हिमोग्लोबिनमधलं लोह प्राणवायू धरतं ते अशाच बंधाने. कार्बन मोनॉक्साइड तीच जागा सुमारे २०० पट घट्ट धरतो, म्हणून तो जीवघेणा.

[पुन्हा परीक्षानळी.]

आता या गडद निळ्या द्रावणात सौम्य सल्फ्युरिक आम्ल, थेंबाथेंबाने. आम्लातले प्रोटॉन अमोनियाची तीच जोडी पटकावतात. तांब्याला द्यायला अमोनियाकडे आता काही उरत नाही. पाण्याचे रेणू परत आपल्या जागी येतात. नळीत मघाचा फिकट निळा रंग.