मॅकॉय: खेळाडू सोडून बाकी सगळं

(दृश्य: पाडकामाचं यंत्र. लोखंडी जबडा स्टँडच्या कडेला लागतो. धूळ. 12 सेकंद फक्त मूळ आवाज.)

अमेरिकेतलं ऱ्होड आयलंड राज्य, गाव पॉटकेट, साल 2025. समोर पडतंय ते बेसबॉलचं मॅकॉय स्टेडियम.

1942 मध्ये ते तयार झालं तेव्हा गावानं नाकं मुरडली होती. मंदीच्या काळात, सरकारी रोजगार योजनेच्या पैशातून, महापौर टॉमस मॅकॉय यांनी हॅमंड पाँड नावाच्या दलदलीवर हे बांधायला काढलं. भराव टाकावा आणि तो खाली जावा, असं बरेच दिवस चाललं. दोन ट्रक त्या चिखलात गेले ते अजून खालीच आहेत, असं गावात सांगतात.

(दृश्य: दुधाच्या प्लास्टिकच्या कॅनचा क्लोज-अप. कात्री. दोरी.)

हा साधा दुधाचा कॅन. एका बाजूनं चौकोनी खिडकी कापायची. आत एक बेसबॉल आणि एक पेन ठेवायचं. मुठीला दोरी बांधायची. मॅकॉयची रचना अशी होती की खेळाडू बसतात तो डगआउट प्रेक्षकांच्या पायाखाली, चांगला पुरुषभर खाली. वरून खेळाडूचा चेहरासुद्धा दिसायचा नाही. मग पोरं हा कॅन विहिरीत पोहरा सोडावा तसा खाली सोडायची. खालून कुणीतरी दोरीला हिसका द्यायचं. वर ओढला की चेंडूवर सही.

सही कुणाची, हे कित्येकदा चेंडू हातात आल्यावरच कळायचं. वेड बॉग्ज, नोमार गार्सियापारा, मुकी बेट्स. मोठे होण्याआधी हे सगळे या खड्ड्यात बसून गेले.

(दृश्य: संघाचा जुना फोटो. कॅमेरा खेळाडूंवरून सरकत कडेला सूट घालून उभ्या असलेल्या माणसावर थांबतो.)

हे बेन मोंडोर. संघाचे मालक. पॉटकेट रेड सॉक्स हे संघाचं पूर्ण नाव, गावाच्या तोंडी पॉसॉक्स.

मालक म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे आयपीएलचा लिलाव येतो. मालक पाटी वर करतो, खेळाडू त्याचा. मायनर लीगच्या, म्हणजे वरच्या मेजर लीगसाठी खेळाडू घडवणाऱ्या खालच्या पायरीवरच्या, संघमालकाला तेवढंही करता येत नाही. खेळाडू बॉस्टनच्या मोठ्या संघाचे, रेड सॉक्सचे. पगार बॉस्टन देणार. मैदानावरचा मॅनेजर, म्हणजे आपण ज्याला प्रशिक्षक म्हणू, तोही बॉस्टनचाच नोकर. रंगात आलेला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, बॉस्टनला हवा असला की दुपारी फोन येतो आणि संध्याकाळच्या सामन्याला तो माणूस नाही. मॅनेजरनं सामना जिंकावा ही अपेक्षा असतेच, पण त्याचं खरं काम वरच्यासाठी माणूस तयार करण्याचं.

मग मालकाचं काय? खुर्च्या, तिकीट, गवत, दिवे, हॉट डॉग, स्वच्छतागृहं. आणि पाऊस आला की मैदानावर ताडपत्री ओढायला माणसं.

(दृश्य: ब्लॅकस्टोन नदी. स्लेटर मिलची पिवळी लाकडी इमारत.)

या नदीच्या काठावर 1793 मध्ये ही गिरणी उभी राहिली. पाण्याच्या जोरावर सूत कातणारी अमेरिकेतली ही सुरुवातीची गिरणी. पुढं या खोऱ्यात गिरण्यांची रांगच लागली आणि विसाव्या शतकात ती एकेक करून बंद पडत गेली. गिरणगाव म्हटल्यावर मराठी माणसाला पुढचं सांगायला नको.

मोंडोर या गिरण्यांतलेच. जन्म कॅनडातल्या क्युबेकचा, वाढले जवळच्या वूनसॉकेटमध्ये. बुडालेल्या गिरण्या विकत घ्यायच्या आणि चालवून दाखवायच्या, हा त्यांचा धंदा. त्यातून पैसा करून ते निवृत्त झाले होते. तेवढ्यात, 1977 च्या सुरुवातीला, त्यांच्यासमोर आणखी एक बुडीत धंदा आला. तो गिरणीचा नव्हता. दिवाळखोरीत निघालेला बेसबॉल संघ होता. गळ घातली चेट निकल्स यांनी. ते एकेकाळचे पिचर, नंतर बँकेत. बेसबॉलच्या धंद्याचा मोंडोर यांना काडीचा अनुभव नव्हता. त्यांनी संघ घेतला. माइक टॅम्बुरो हा तरुण त्याच वर्षी महाव्यवस्थापक म्हणून आला.

(दृश्य: 1977 चे फोटो. रिकाम्या रांगा.)

हा फोटो नीट पाहा. त्या मोसमात पॉसॉक्स त्यांच्या लीगच्या, इंटरनॅशनल लीगच्या, तक्त्यात पहिले आले. आणि प्रेक्षक? पूर्ण हंगामात मिळून 70,354. सामन्यामागे हजाराच्या आसपास. संघ पहिला, स्टँड रिकामे.

यातून मोंडोर काय शिकले ते त्यांनी पुढं जे केलं त्यात दिसतं. जिंकणं-हरणं बॉस्टनच्या हातात, मग त्यावर विसंबायचं कशाला? त्यांनी स्टेडियम स्वच्छ केलं. तिकीट इतकं कमी ठेवलं की चार माणसांचं कुटुंब विचार न करता येईल. गाडी लावायला पैसे घेतले नाहीत. भिंतींवर, वर जाणाऱ्या उतारांवर, इथून मोठ्या झालेल्या खेळाडूंची मोठी मोठी चित्रं लावली.

(दृश्य: उतारावरची चित्रं. कॅमेरा चालत वर जातो. संगीत.)

गिरणीवाल्याची नजर ही. यंत्र दुसऱ्याचं असलं तरी कामगार वेळेवर यायला हवा, आणि तो यावा असं दार आपण ठेवायचं. 2005 मध्ये याच मैदानावर हंगामभरात 6,88,421 माणसं आली. जवळजवळ दहापट. त्यासाठी 28 वर्षं लागली, आणि या सगळ्या काळात मालक तोच.

(दृश्य: कृष्णधवल फोटो. रात्र. पिंपात जाळ. आवाज: रॉचेस्टरच्या रेडिओ समालोचनाचं ध्वनिमुद्रण.)

आता ती रात्र. तिची चित्रफीत नाही. हे फोटो आहेत आणि हा रेडिओ.

18 एप्रिल 1981, शनिवार. दुसऱ्या दिवशी ईस्टर. समोर रॉचेस्टर रेड विंग्ज. तिकीट काढून आलेले प्रेक्षक 1,740. दिव्यांत बिघाड झाला म्हणून सामना अर्धा तास उशिरानं सुरू झाला. बेसबॉलमध्ये दोन्ही संघांना 9 डाव मिळतात, आणि बरोबरी झाली तर ती सुटेपर्यंत खेळायचं. नवव्या डावात पॉटकेटनं बरोबरी साधली, 1-1.

आणि मग काही होईचना. वारा मैदानात आत येणारा. सॅम बोवेनचा एक फटका कुंपणापलीकडे गेला होता, वाऱ्यानं तो परत आत आणला, असं खेळाडू आजही सांगतात. थंडी अशी की मोडलेल्या बॅटी आणि बाकांच्या फळ्या पिंपात घालून जाळायला लागले. आता दिसतोय तो जाळ त्याचाच.

एकविसाव्या डावात रॉचेस्टरला एक धाव मिळाली. चला, सुटलो, असं सगळ्यांना वाटलं. आणि वेड बॉग्जनं डबल, म्हणजे दुसऱ्या बेसपर्यंत पोचवणारा फटका, मारून पुन्हा बरोबरी केली. सोबत्यांना त्याला मिठी मारावी की ठोसा, हे कळेना.

मैदानावरचे मॅनेजर जो मॉर्गन. मूळचे मॅसॅच्युसेट्समधल्या वॉलपोलचे. मायनर लीगच्या मॅनेजरचा पगार वर्षभर पुरत नसे, म्हणून हिवाळ्यात ते हमरस्त्यावरचा बर्फ काढायचं वाहन चालवायचे. त्या रात्री बाविसाव्या डावात त्यांनी पंचाशी हुज्जत घातली आणि पंचांनी त्यांना मैदानाबाहेर काढलं. कुठे जाणार? घरी तर नाहीच. यष्टिरक्षक बसतो त्याच्या मागच्या भिंतीला एक भोक होतं. मॉर्गन त्या भोकाला डोळा लावून उभे राहिले. पुढचे दहा डाव.

(दृश्य: स्टँडच्या मागची भिंत. कॅमेरा भोकाशी.)

खरं तर हे सगळं मध्यरात्रीनंतर थांबायला हवं होतं. लीगचा नियमच होता: रात्री 12:50 नंतर नवा डाव सुरू करायचा नाही. पण त्या वर्षी पंचांच्या हातातल्या पुस्तिकेत ती ओळ छापायचीच राहिली होती. लीगचे अध्यक्ष हॅरॉल्ड कूपर यांना फोन लावले जात होते. उचलेपर्यंत पहाट झाली. बत्तिसावा डाव संपला की थांबवा, असा आदेश आला. घड्याळात 4:07. धावफलक 2-2. स्टँडमध्ये उरलेली माणसं 19.

मोंडोर यांनी त्या 19 जणांना पास दिले.

लुइस अपॉन्टे हा पिचर त्याआधीच काम आटपून घरी गेला होता. इतक्या रात्री कुठे होतास, बायकोनं विचारलं. बेसबॉल खेळत होतो, म्हणाला. तिनं दार उघडलं नाही.

(दृश्य: 23 जून 1981. खचाखच भरलेले स्टँड. रंगीत.)

दोन महिन्यांनी उरलेला सामना. मेजर लीगचा संप सुरू होता, देशभरातल्या बेसबॉलच्या बातमीदारांना काम नव्हतं, ते सगळे पॉटकेटला आले. 5,746 प्रेक्षक. तेहतिसाव्या डावात डेव्ह कोझानं एक फटका मारला, मार्टी बॅरेटनं धाव पूर्ण केली, सामना संपला. उरलेल्या खेळाला 18 मिनिटं लागली. एकूण 8 तास 25 मिनिटं, 33 डाव. व्यावसायिक बेसबॉलमधला आजवरचा सर्वांत लांब सामना.

रॉचेस्टरकडून तिसऱ्या बेसवर कॅल रिपकेन होता, पॉटकेटकडून बॉग्ज. दोघंही पुढं हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेले. मॉर्गन 1988 मध्ये, हंगामाच्या मध्यावर, बॉस्टनचे मॅनेजर झाले आणि पहिले 12 सामने ओळीनं जिंकले. जिंकवणारा फटका मारणारा कोझा मात्र मेजर लीगमध्ये कधीच खेळला नाही. उतारावरच्या या चित्रांमधून चालताना तेवढं ध्यानात ठेवा.

(दृश्य: रिकामं स्टेडियम, 2020. वाहनतळावर कोविड चाचणीसाठी गाड्यांची रांग.)

ऑक्टोबर 2010 मध्ये मोंडोर गेले, 85 व्या वर्षी. 2015 च्या फेब्रुवारीत त्यांच्या पत्नी मॅडलेन यांनी संघ विकला. घेणाऱ्या गटात वकील जेम्स स्केफिंग्टन आणि बॉस्टन रेड सॉक्सचे लॅरी लुचिनो. लुचिनो लहान माणूस नव्हेत. बाल्टिमोरचं कॅम्डेन यार्ड्स स्टेडियम, ज्याच्या धर्तीवर देशभर मैदानं बांधली गेली, ते त्यांच्याच काळात, त्यांच्याच आग्रहानं झालं. या गटाला मॅकॉय नको होतं. आधी प्रॉव्हिडन्समध्ये नवं स्टेडियम हवं होतं आणि त्यासाठी राज्यानं 30 वर्षं, वर्षाला 40 लाख डॉलर द्यावेत, अशी मागणी होती. म्हणजे 12 कोटी. लोक भडकले. मे महिन्यात स्केफिंग्टन धावायला गेले असताना वारले. योजना बारगळली. मग पॉटकेटमध्येच, स्लेटर मिलच्या जवळ, 8.3 कोटींचं स्टेडियम ठरलं. विधिमंडळात त्याच्यावर बराच काळ चर्चा झाली. 17 ऑगस्ट 2018 ला जाहीर झालं की संघ शेजारच्या मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरला चालला.

(दृश्य: 2 सप्टेंबर 2019, शेवटचा सामना. निवेदन नाही. 25 सेकंद.)

2020 चा हंगाम कोविडनं खाल्ला. निरोपाचा मोसमही झाला नाही.

(दृश्य: पोलर पार्क, वुस्टर. संध्याकाळ. पिवळा हसरा चेहरा. मुलं.)

हे पोलर पार्क. मे 2021 मध्ये सुरू झालं. खर्च 16 कोटी डॉलरच्या घरात, मालकी शहराची. हा पिवळा हसरा चेहरा याच शहरात 1963 मध्ये हार्वी बॉल यांनी काढला, म्हणून संघाच्या नव्या चिन्हातही तो आहे. संघ आता वूसॉक्स. गवत सुंदर आहे, हॉट डॉग चांगला आहे, आणि खोटं कशाला बोला, आम्ही तिथे छान मजा केली.

त्याच वर्षी मायनर लीगचा सगळा कारभार मेजर लीगनं आपल्याकडे घेतला. 160 संघांचे 120 केले. डिसेंबर 2023 मध्ये वूसॉक्सही विकला जाणार असं जाहीर झालं. घेणारी कंपनी डायमंड बेसबॉल होल्डिंग्ज. तिच्या मागे सिल्व्हर लेक ही गुंतवणूक संस्था. या कंपनीकडे आता 40 हून जास्त संघ आहेत. लुचिनो एप्रिल 2024 मध्ये वारले.

पॉटकेटमध्ये नदीकाठी फुटबॉलचं नवं स्टेडियम झालं आहे. मॅकॉयच्या जागी शाळा होणार.

(दृश्य: पुन्हा पाडकाम. कुंपणाच्या जाळीतून. फोकस जातो-येतो.)

पाडकामाच्या जागी आत जायची परवानगी आम्हाला मिळाली नाही. हे सगळं शूटिंग हिरव्या कापडानं झाकलेल्या कुंपणाच्या एका फाटलेल्या कोपऱ्यातून केलेलं आहे. लेन्स जेमतेम मावायची. एका वेळी एकालाच पाहता यायचं. दुपारी पहारेकरी आला, म्हणाला, गाडी हलवा, ट्रक बाहेर पडायचाय. आम्ही गाडी हलवली आणि परत त्याच कोपऱ्याला डोळा लावून उभे राहिलो.

(दृश्य: ट्रक. ताडपत्रीखाली काँक्रीट. आवाज हळूहळू बंद.)