बंद खिडकीसमोरची रांग

(दृश्य : उपनगरी स्थानकाचा पादचारी पूल, सकाळची गर्दी. गाडीची उद्घोषणा ऐकू येते.)

सकाळचे सव्वाआठ वाजले आहेत. मुंबईच्या उपनगरातल्या एका स्थानकात तिकीटघराला पाच खिडक्या आहेत आणि त्यांपैकी दोन उघड्या आहेत. उरलेल्या तीन खिडक्यांच्या काचेला आतून पुठ्ठा लावलेला असून त्यावर ‘बंद’ एवढा एकच शब्द लिहिलेला आहे. त्या किती वाजता उघडणार, आज उघडणार की नाही, शेजारच्या खिडकीवर किती वेळ लागेल, यांपैकी काहीही तिथे लिहिलेले नाही. दोन्ही रांगा जिन्यापर्यंत पोहोचल्या आहेत आणि जिना उतरणाऱ्यांना त्या मधोमध कापून बाहेर पडावे लागते. फलाटावर गाडी येते, वीस-तीस सेकंद थांबते आणि निघून जाते. रांगेतली माणसे एकदा इंडिकेटरकडे पाहतात आणि एकदा पुढच्याच्या मानेकडे.

या रांगेत रोजचा चाकरमानी सहसा दिसत नाही. त्याच्या खिशात महिन्याचा किंवा तीन महिन्यांचा पास असतो, आणि पास संपण्याचा दिवस सोडला तर तो या खिडक्यांकडे ढुंकूनही पाहत नाही. इथे उभे असतात ते अधूनमधून प्रवास करणारे लोक : परळला केईएम किंवा टाटा रुग्णालयात तपासणीसाठी निघालेले वृद्ध जोडपे, आज ज्या नाक्यावर काम मिळेल तिकडे जाणारा बिगारी, लग्नाच्या पत्रिका वाटायला गावाहून आलेला मामा, मुलाच्या शाळेतून अचानक फोन आल्यामुळे निघालेली आई. मुंबईच्या लोकलने रोज साठ लाखांहून अधिक प्रवासी ये-जा करतात, आणि एवढ्या मोठ्या आकड्यात ही माणसे कुणाच्या लक्षातही येत नाहीत. त्यांना हवे असते ते अनेकदा किमान भाड्याचे, म्हणजे ५ रुपयांचे, दुसऱ्या वर्गाचे तिकीट.

(दृश्य : तिकीटघरातील जुनी छायाचित्रे. पुठ्ठ्याची तिकिटे, कूपनांची पुस्तिका.)

ही रांग कमी करण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे म्हणता येणार नाही. पुठ्ठ्याच्या छोट्या तिकिटावर यंत्रात ‘खट्’ आवाज करून तारीख उमटवली जाई, तो काळ आता पन्नाशी ओलांडलेल्या मुंबईकरांनाच आठवत असेल. त्यानंतर कूपनांच्या पुस्तिका आल्या, आणि ती कूपने यंत्रात सरकवून आपणच छापून घेण्याची सवय शहराला लागली. ती यंत्रे बंद झाली आणि त्यांची जागा स्पर्शपडद्याच्या तिकीट यंत्रांनी, म्हणजे एटीव्हीएमने, घेतली. या यंत्रांसाठी स्मार्ट कार्ड लागे, आणि कार्डातले पैसे संपले की ते भरायला बराच काळ पुन्हा त्याच खिडकीच्या रांगेत उभे राहावे लागे. रांग टाळण्याच्या साधनाचीच रांग लावावी लागावी, हा विनोद त्या काळी कुणाला फारसा हसवत नसे. पुढे या यंत्रांपाशी निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांना मदतनीस म्हणून कमिशनवर बसवण्यात आले, कारण यंत्र माणसाशिवाय चालते ही समजूत अर्धीच खरी ठरली होती.

डिसेंबर २०१४ मध्ये मुंबईत मोबाइलवरून अनारक्षित तिकीट काढण्याची यूटीएस सेवा सुरू झाली. सुरुवातीला मोबाइलवर काढलेले तिकीटही स्थानकातल्या यंत्रावर छापून घ्यावे लागत होते. कागदाविना तिकीट मिळू लागले ते त्यानंतरच्या वर्षी. त्यातही अट अशी होती, की तिकीट काढताना प्रवासी रुळांपासून काही अंतर दूर असला पाहिजे. गाडीत बसल्यावर, तपासनीस दिसताच कुणी तिकीट काढू नये, हा तिचा हेतू रास्तच होता. पण स्थानकात येऊन, रांग पाहून, मग फोन काढणाऱ्या माणसाला ते ॲप पुन्हा रस्त्यावर पाठवत असे. पुढे स्थानकात लावलेला क्यूआर कोड टिपूनही तिकीट मिळू लागले, आणि आज ज्याच्याकडे चांगला फोन, नेट आणि खात्यात पैसे आहेत, त्याचा खिडकीशी संबंध जवळजवळ संपला आहे.

ज्याच्याकडे हे नाही, तो खिडकीशी उरला आहे. या चित्रफितीचा विषय तो आहे.

(दृश्य : पाटी-खडूने काढलेले आकडे, एकेक करून उमटतात.)

थोडे गणित इथे टाळता येत नाही. टेलिफोनच्या जोडण्यांसाठी किती मार्ग आणि किती माणसे ठेवावीत हा प्रश्न कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नेर क्रारुप एर्लांग या डॅनिश गणितज्ञापुढे होता, आणि १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखापासून रांगांचे शास्त्र सुरू झाले असे मानले जाते. त्या शास्त्रातले साधे सूत्र आपल्या खिडकीला लावून पाहू. एका प्रवाशाला सरासरी २० सेकंद लागतात असे धरले, तर एक खिडकी तासाला १८० माणसे हाताळू शकते. माणसे ठरावीक अंतराने येत नाहीत, कधी एकदम दहा येतात आणि कधी मिनिटभर कुणीच येत नाही. कुणाचे काम झटकन होते, कुणाचे रेंगाळते. अशा स्थितीत तासाला १२० माणसे आली, तर प्रत्येकाला रांगेत सरासरी ४० सेकंद थांबावे लागते. १५० आली, तर १०० सेकंद. आणि १७० आली, तर ५ मिनिटे ४० सेकंद. शेवटच्या टप्प्यात माणसे वाढली फक्त वीस, थांबणे मात्र तिपटीहून अधिक झाले.

आता हेच गणित आतल्या बाजूने पाहा. ज्या तासात लोकांना ४० सेकंदच थांबावे लागले, त्या तासात खिडकीमागचा कर्मचारी एकूण २० मिनिटे रिकामा होता. ज्या तासात लोक पावणेसहा मिनिटांच्या आसपास ताटकळले, त्या तासात तो जेमतेम सव्वातीन मिनिटे मोकळा होता. हिशेबाच्या वहीत पहिला तास उधळपट्टीचा दिसतो आणि दुसरा काटकसरीचा. आणि खरे सांगायचे तर, ‘आत नुसते बसलेले असतात’ ही तक्रार प्रवासीही तितक्याच सहजपणे करतात. ते बसलेले असतात म्हणून आपली रांग लहान असते, हे त्या क्षणी सुचत नाही.

मोबाइल तिकिटांमुळे यात आणखी एक भर पडली आहे, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी चूक इथे होते. खिडकीवरची तिकिटे कमी झाली, म्हणून त्याच प्रमाणात खिडक्या कमी केल्या, हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण खिडकी सोडून गेले ते सोपे प्रवासी : ‘एक दादर’ म्हणून सुटे पैसे सरकवणारे, पाच सेकंदांत बाजूला होणारे. उरले ते आसनगावला जायला गाडी कुठे बदलायची हे विचारणारे, शंभराची नोट देऊन दोन प्रौढ आणि एक अर्धे तिकीट मागणारे, काचेतल्या छोट्या भोकातून आलेले उत्तर ऐकू न आल्याने पुन्हा विचारणारे. त्यांच्यामुळे सरासरी वेळ २० सेकंदांवरून ३० सेकंदांवर गेला असे धरले, तर तीच खिडकी तासाला १२० माणसेच हाताळू शकेल. आणि १७० ऐवजी ११० माणसे आली तरी प्रत्येकाला साडेपाच मिनिटे थांबावे लागेल. एक तृतीयांशाहून अधिक माणसे कमी झाली आणि थांबणे मात्र जवळजवळ तेवढेच राहिले. अशा वेळी शेजारची खिडकी बंद करण्याचा हुकूम विकलेल्या तिकिटांची संख्या पाहून निघतो. उरलेल्या कामाचे वजन त्या संख्येत दिसत नाही.

(दृश्य : काचेच्या आतली बाजू. गल्ला, नोंदवही, छपाई यंत्र.)

खिडकीच्या आत बसलेल्या माणसाची बाजू क्वचितच ऐकली जाते. पाळी सुरू होताना स्वतःच्या खिशातली रक्कम त्याला नोंदवहीत लिहावी लागते, म्हणजे तपासणी झाली तर सरकारी पैसा आणि स्वतःचा पैसा वेगळा दाखवता येतो. पाळी संपताना छापलेली तिकिटे आणि जमा रोकड यांचा मेळ बसवावा लागतो, आणि रक्कम कमी भरली तर ती त्याच्याकडून वसूल होते. गर्दीत पाचशेची खोटी नोट घेतली गेली, तर तो तोटाही बहुधा त्याच्याच खिशातून जातो. म्हणून पाळी बदलताना तो खिडकी काही मिनिटे बंद ठेवून पैसे मोजतो, आणि बाहेरच्या माणसाला समोर दिसते ते एवढेच : रांग असताना हा शांतपणे नोटा मोजत बसला आहे. लघवीला उठायचे तरी चाळीस जणांच्या तोंडावर पुठ्ठा लावून उठावे लागते. शेजारच्या तीन खुर्च्यांवर माणसे असती, तर यातल्या कोणत्याही गोष्टीवरून भांडण झाले नसते.

राग मात्र त्याच्यावरच निघतो. तीन खिडक्या रिकाम्या ठेवण्याचा निर्णय ज्या कार्यालयात झाला ते स्थानकाच्या पुलावरून दिसत नाही, बंद खिडकीपुढे आवाज चढवून ऐकायला कुणी नसते, आणि जो कामावर आला आहे तोच तेवढा हाताशी सापडतो. ‘सुट्टे द्या’ आणि ‘सुट्टे नाहीत’ यांवरून सुरू झालेला वाद पाचव्या मिनिटाला ‘आमच्या पैशांवर पगार घेता’ इथपर्यंत पोहोचतो, आणि तो वाद चालू असताना रांग तिथेच थांबलेली असते.

(दृश्य : रांगेचे वरून घेतलेले चित्रण.)

रांगेची म्हणून एक न्यायव्यवस्था असते. अनेक खिडक्यांवर बायकांची वेगळी ओळ लागते आणि एक पुरुष, एक बाई असे आळीपाळीने तिकीट दिले जाते. हा नियम कुणी शिकवत नाही, पण तो मोडला तर दोन्ही ओळी बोलतात. ‘दादा, माझे एक घ्या ना, गाडी लागली आहे’ असे म्हणत पुढच्याच्या हातात दहा रुपये कोंबणाऱ्याला लहान रांगेत हसून माफ केले जाते, लांब रांगेत नाही. अमेरिकेतील एमआयटीचे प्राध्यापक रिचर्ड लार्सन यांनी १९८७ मध्ये नेमके हेच मांडले होते, की किती वेळ थांबलो यापेक्षा आपल्या मागून आलेला आपल्या आधी गेला की नाही, हे माणसाला अधिक बोचते.

दोन खिडक्यांसाठी दोन रांगा लावण्यात हाच अन्याय मुळातून होतो, कारण आपण कोणती रांग निवडली यावर सगळे ठरते आणि ती निवड आंधळी असते. दोन्ही खिडक्यांसाठी एकच रांग केली, तर वरच्याच हिशेबाने, तासाला दोन्ही खिडक्यांवर मिळून ३४० माणसे आली असता, ५ मिनिटे ४० सेकंदांचे थांबणे पावणेतीन मिनिटांवर येऊ शकते. प्रत्यक्षात लोक रांगा बदलतात, त्यामुळे फरक इतका मोठा राहत नाही. तरीही मागचा पुढे जाण्याचा प्रश्नच एका रांगेत उरत नाही, आणि त्यासाठी एकही नवा माणूस नेमावा लागत नाही. एक दोरी आणि चार खांब पुरतात. जुन्या स्थानकांच्या चिंचोळ्या तिकीटघरात तेवढी जागा कुठे आहे, असा प्रश्न कुणी विचारला तर तो मात्र योग्य आहे.

(दृश्य : फलाट. तपासनीस, मागे निघालेली गाडी.)

रांगेला कंटाळून एखादा तसाच गाडीत चढला, तर पुढचा हिशेब रेल्वे अधिनियम, १९८९ करतो. कलम १३८ नुसार त्याला भाडे आणि त्यावर किमान २५० रुपये भरावे लागतात. ५ रुपयांच्या तिकिटाची ती पन्नासपट रक्कम आहे. खिडक्या बंद होत्या, हे तिथे सांगून उपयोग नसतो. त्याच कायद्याच्या कलम ५५ मध्ये अधिकृत रेल्वे कर्मचाऱ्याची परवानगी घेऊन, नंतर भाडे भरण्याच्या अटीवर, प्रवास करण्याची सोय आहे. पण वीस-तीस सेकंद थांबणाऱ्या लोकलमध्ये अशी परवानगी कुणाकडे आणि कधी मागायची, हे ज्याने त्याने ठरवावे.

प्रवाशाच्या चुकीला कायद्यात किंमत आहे, प्रवाशाच्या मिनिटांना नाही. असे आकडे ठरवताच येत नाहीत, असेही नाही. मे २०२१ मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने टोलनाक्यांसाठी परिपत्रक काढले होते, की गर्दीच्या वेळीही प्रत्येक वाहनाला १० सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये आणि रांग १०० मीटरच्या पिवळ्या रेषेपलीकडे गेली, तर ती आत येईपर्यंत वाहने टोल न घेता सोडावीत. ते परिपत्रक किती पाळले गेले आणि पुढे किती टिकले, हा वेगळा विषय आहे. मोटारीत बसून थांबणाऱ्यासाठी तशी रेषा आखावीशी वाटली. तिकीटघराच्या फरशीवर ती कुणी आखलेली नाही.

(दृश्य : पुन्हा तिकीटघर.)

आठ वाजून बत्तीस मिनिटांनी तिसऱ्या खिडकीचा पुठ्ठा निघतो. आतला माणूस खुर्ची सरकवतो, यंत्र चालू करतो, आणि त्याने ‘या’ म्हणण्याआधीच रांगेच्या शेपटीकडून पाच-सहा तरुण धावतात. मिनिटभरापूर्वी आलेल्यांना पहिले तिकीट मिळते. वृद्ध जोडप्यातले आजोबा आपल्या जागेवरून हलत नाहीत, कारण त्यांच्यापुढे आता फक्त तिघेच उरले आहेत आणि गुडघ्यांनी धावता येत नाही. आजी पिशवीतून रुग्णालयाची फाइल काढून पुन्हा आत ठेवतात. वर गाडी लागल्याची उद्घोषणा होते. आजोबांच्या मुठीत वीसची नोट आहे, आणि इतका वेळ धरून ठेवल्यामुळे तिची घडी घामाने ओली झाली आहे.